पेव, कणगी, कोठी : पिकलेला दाणा कोणाच्या ताब्यात थांबतो?

१/
‘शिकवणी वर्गांचे पेव फुटले’, ‘बांधकामांचे पेव फुटले’ अशी वाक्ये वर्तमानपत्रांत नेहमी दिसतात. हे पेव मुळात धान्याचे. जमिनीत खोल खणलेला खड्डा; तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढे अरुंद आणि खाली पोट रांजणासारखे फुगत गेलेले. पेव उघडले की आत नजर जाईल तिथे दाणेच दाणे. ती विपुलता भाषेत टिकली, गावोगावची पेवे मात्र बुजली.

हा धागा धान्य साठवण्याच्या इतिहासाविषयी आहे. त्यातला मुख्य प्रश्न एकच : पिकलेला दाणा कोणाच्या ताब्यात थांबतो?

२/
प्रश्न जुना असला तरी शिळा नाही. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्यात एका शेतकरी कुटुंबात यंदा सुगीच्या आधी त्यावरूनच वाद झाला. पाच एकर काळ्या रानात ज्वारी उभी होती. मुलाला नवी कोठी करून घ्यायची होती. वडिलांचा त्याला विरोध होता. दोन वर्षांपूर्वी जुन्या कणगीत अवकाळी पावसाची ओल शिरली, ज्वारीला सोंडे लागले आणि निम्मा माल कोंबड्यांपुढे टाकावा लागला होता. शिवाय सोसायटीचे कर्ज मार्चअखेर भरायचे होते. खळ्यावरूनच सगळा माल आडतीवर न्यावा, असे त्यांचे म्हणणे. आजीने एकच विचारले : ‘‘समदं इकून बसलास आन् आषाढात दाणा इकत आणायची पाळी आली, मंग?’’

३/
आजीच्या या प्रश्नाचे मूळ फार मागे जाते. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर ही त्यातील प्रमुख नावे. इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळात तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. लोक सातू, गहू, डाळी पिकवत. त्यांच्या वस्तीत धान्य साठवण्याचे खड्डे सापडले आणि कणग्या ठेवण्यासाठी केलेले मातीचे गोल ओटेही सापडले. कणगी जमिनीला टेकू द्यायची नाही, हे शहाणपण दख्खनच्या शेतकऱ्याला तेव्हाही होते.

४/
इनामगावची आणखी एक गोष्ट महत्त्वाची. पूर्व जोर्वे काळात तेथे पाच खोल्यांचे एक मोठे घर होते आणि त्याच्या शेजारीच कोठारासारखी वास्तू होती. उत्खनन करणाऱ्यांनी ते घर गावच्या प्रमुखाचे मानले. लोकांनी पिकाचा वाटा तेथे द्यावा आणि अडचणीच्या दिवसांत त्यातून गावाला मिळावे, अशी काही व्यवस्था असावी, असा त्यांचा तर्क आहे. तर्क बरोबर असेल तर गावातील दोन साठे स्पष्ट दिसतात : एक घरातला, दुसरा सत्तेजवळचा. पुढे उत्तर जोर्वे काळात पावसाने साथ सोडली, मोठी चौकोनी घरे गेली आणि लहान गोल झोपड्या आल्या. साठ्यावर उभे असलेले गाव साठा आटल्यावर कसे आक्रसते, ते तेथील मातीत वाचता येते.

५/
सत्तेजवळच्या साठ्याचा लेखी पुरावा यानंतरचा आहे आणि तो दख्खनबाहेर मिळतो. उत्तर प्रदेशात गोरखपूरजवळ सोहगौरा येथे ब्राह्मी लिपीतील एक लहान ताम्रपट सापडला. बांगलादेशात महास्थान येथे एक शिलालेख सापडला. दोन्ही सामान्यतः मौर्यकाळाच्या सुमाराचे मानले जातात आणि दोन्हींचा विषय धान्याची कोठारे हाच आहे. सोहगौऱ्याच्या लेखात दोन कोठारांचा उल्लेख असून त्यांतील साठा निकडीच्या वेळी वापरावा, असा आदेश आहे. संस्कृत ‘कोष्ठागार’ प्राकृतातून झिजत आला आणि मराठीत ‘कोठार’ झाला. सोलापूरच्या बाजारात आज उच्चारला जाणारा हा शब्द राजाज्ञांतून वावरलेला आहे.

६/
कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोष्ठागाराध्यक्ष या अधिकाऱ्यासाठी स्वतंत्र अध्याय आहे. साठ्यातील अर्धा भाग प्रजेवरील आपत्तीसाठी राखून ठेवावा, उरलेला अर्धा वापरावा आणि जुने धान्य काढून त्या जागी नवे भरत जावे, असा नियम तेथे दिला आहे. शेवटचा भाग कोणत्याही घरच्या बाईला शिकवावा लागत नाही. जुने आधी, नवे नंतर, हा क्रम चुकला तर तळाचे धान्य पिठूळ होते. फरक इतकाच की राजाच्या नियमाचा ग्रंथ झाला आणि घरातला नियम सासूकडून सुनेकडे तोंडी गेला.

७/
मराठी गावगाड्यात दाणा घरात येण्यापूर्वीच त्याला वाटे फुटत. मळणी होऊन खळ्यावर रास पडली की सुतार, लोहार, कुंभार, चांभार, महार आदी बलुतेदार आपापला हक्क न्यायला येत. पाटील-देशमुखांचे हक्क निघत. सरकारी सारा असे. सावकाराचे देणे असे. या सगळ्यांतून उरलेले ते कुणब्याचे. म्हणून कणगी किती मोठी आहे, यावरून त्या घराचे पीक कळत नसे. खळ्यावर घराची बाजू किती टिकली, ते कळे. ज्याच्याकडे जमीन नव्हती, त्याचा दाण्याशी संबंध याच खळ्यावर येई, आणि तोही जातीने ठरवून दिलेल्या कामाच्या बदल्यात.

८/
सरकारी साठ्याचे सर्वांत भव्य रूप पाहायचे तर पन्हाळ्यावरील अंबरखान्यात जावे. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी तेथील तीन इमारतींची नावे. गंगा कोठी त्यांत सर्वांत मोठी. तिच्यात २५,००० खंडी धान्य मावे, असे सांगितले जाते. वीस मणांची एक खंडी, हे ध्यानात घेतले म्हणजे आकडा समजतो. १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यात शिवाजी महाराज काही महिने याच गडावर अडकले होते. वेढ्यात गड किती दिवस तग धरणार, हे तटबंदीइतकेच कोठारावर अवलंबून असते. रसद संपली की पराक्रमही उपाशी पडतो.

९/
मात्र सरकारी कोठार भरलेले असणे आणि रयतेचे पोट भरलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठी मनाला हे दामाजीपंतांच्या कथेने शिकवले, आणि ती कथा मंगळवेढ्याचीच आहे. परंपरा असे सांगते की, बहामनी अंमलात मंगळवेढ्याचा कारभार पाहणाऱ्या दामाजींनी भीषण दुष्काळात बादशहाचे कोठार लोकांसाठी उघडले. शिक्षा ठरली, तेव्हा विठ्ठल विठू महाराचे रूप घेऊन दरबारात गेला आणि धान्याची किंमत चुकती केली. इतिहासाचा विद्यार्थी यातील चमत्कार बाजूला ठेवेल. तरीही लोकांनी शतकानुशतके कोणत्या अधिकाऱ्याला संत मानले, हा पुरावा बाजूला ठेवता येत नाही. कुलपाची किल्ली हाती असताना ज्याने ती फिरवली, त्याला मानले.

१०/
१६३० ते १६३२ या वर्षांत दख्खन आणि गुजरातेत मोठा दुष्काळ पडला. देहूचे तुकोबा त्या वेळी विशीच्या आसपास होते. घरात महाजनकी आणि व्यापार होता. दुष्काळात धंदा बुडाला, पहिली पत्नी आणि मुलगा गेला. पुढे आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. दुष्काळात दाणा कोणाकडे आहे आणि कर्जाचा कागद कोणाकडे आहे, हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. तुकोबांनी आपल्या बाजूने ती गाठ सोडवली. प्रत्येक गावात तुकोबा नव्हते.

११/
१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि त्यानंतरच्या काही दशकांत मुंबई इलाख्यात रयतवारी पद्धत आली. सारा रोखीत भरणे पेशवाईतही अपरिचित नव्हते. आता मात्र तो ठरलेल्या हप्त्यांनी, काटेकोरपणे वसूल होऊ लागला आणि पीक बुडाल्यावर मिळणारी सूट आक्रसली. रोख रक्कम उभी करायची म्हणजे सुगीतच, भाव पडलेला असताना धान्य विकायचे. तेच धान्य पावसाळ्यात उधारीवर, चढ्या दराने परत घ्यायचे. कणगीत सहा महिने थांबायला हवा होता तो दाणा सावकाराच्या कोठीत थांबू लागला आणि थांबण्याचा नफाही तिकडेच गेला.

१२/
अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, कापसाचे भाव चढले आणि पाठोपाठ शेतकऱ्यांचे कर्जही वाढले. युद्ध संपले, भाव कोसळले. त्याच सुमारास आलेल्या नव्या आकारणीत अनेक गावांचा सारा मोठ्या प्रमाणावर वाढला. सावकारांनी उधारी आखडती घेतली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारात शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जखते मागितली. कागद जाळले गेले, धान्याची दुकाने लुटली गेली. हे लोण नगर जिल्ह्यातही पोचले. पाठ्यपुस्तकात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. जाळायला निवडलेली वस्तू कागद आणि उचलून नेलेली वस्तू धान्य, हा तपशील त्या नावाखाली झाकला जातो.

१३/
पुढच्याच वर्षी पाऊस दडी मारून बसला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सोलापूर परिसर होरपळला. त्या काळातही देशातून धान्याची निर्यात सुरूच राहिली. आगगाडीने धान्य दुष्काळी भागात आणता येत होते, तसेच जिथे भाव अधिक तिथे नेताही येत होते. ज्या घरांची पेवे सुगीतच रिकामी झाली होती, त्यांच्याजवळ तग धरायला काही नव्हते. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा झाला. कायद्याने कर्जाच्या खटल्यांत काही संरक्षण दिले. रिकामे पेव भरून दिले नाही.

१४/
स्वातंत्र्यानंतर सरकारी कोठाराची कल्पना नव्या रूपात आली. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो माणसे खडी फोडण्याच्या, पाझर तलावांच्या आणि नालाबांधाच्या कामांवर गेली. त्यातूनच रोजगार हमी योजना आकाराला आली. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो मिळे. तिची भाकरी ज्यांनी खाल्ली, ती पिढी आज सत्तरीच्या पुढे आहे. मंगळवेढ्याच्या त्या घरातील आजी १९७२ मध्ये नवी सून होती आणि खडी फोडायला जात होती. दाणा विकत आणण्याची पाळी, हे तिचे शब्द तेथून आले होते.

१५/
आता त्या घरात जाऊ. मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात. तेथील ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पाऊस कमी, पण काळी जमीन ओल धरून ठेवते आणि त्या ओलीवर रब्बीचे पीक येते. आजीच्या सासऱ्यांच्या काळात वाड्याच्या अंगणात पेव होते. माती कोरडी असेपर्यंत पेव ही उत्तम सोय. आत हवा येत नाही, दाण्यांच्या व किड्यांच्या श्वसनाने प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि किडे मरतात. आज हवाबंद साठवण म्हणून जे तंत्र सांगितले जाते, त्याचे तत्त्व हेच.

१६/
त्याच कारणाने पेव माणसालाही मारते. तोंड उघडून तसेच राहू द्यायचे, हवा खेळू द्यायची, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. तो विझला तर कोणी उतरायचे नाही. असे नियम न पाळल्याने पेवात गुदमरून माणसे गेली आहेत. पाण्यापुढेही पेव हतबल असते. सांगलीजवळ हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध होती. २००५ च्या महापुराचे पाणी त्यांत शिरले आणि मोठे नुकसान झाले. मंगळवेढ्यातील या घराचे पेव त्याआधीच बुजवले होते. परिसरात पाटाचे पाणी आले, जमिनीची ओल वाढली आणि तळाची ज्वारी काळी पडू लागली.

१७/
पेवानंतर कणगी आली. तुराट्यांनी विणलेली, आतबाहेर शेणमातीने लिंपलेली. दरवर्षी सुगीआधी तिला उन्हात घालणे, भेगा बुजवणे, दाण्यात कडुलिंबाचा पाला, राख आणि बिबे घालणे हे सारे आजीचे काम. वाड्याच्या कागदांत शेताची मालकी आहे, कर्ज आहे, वाटणी आहे. कणगी कोणी राखली याची नोंद कुठेच नाही. सरकारी कोठारांचा इतिहास दफ्तरांत सापडतो. घरातल्या साठ्याचा इतिहास बहुतांशी बायकांच्या हातात होता आणि हातांचे दफ्तर कोणी ठेवले नाही.

१८/
नव्या कोठीचा निर्णय शेवटी वडिलांच्या एका अटीवर झाला : ओल शिरणार नाही, हे आधी दाखवायचे. दीड फूट उंचीचा दगडी ओटा, भिंतीपासून हातभर अंतर, वर पक्के छप्पर. पत्र्यावर ऊन पडले तर दिवसा तापून रात्री गार होणाऱ्या कोठीत आतल्या आत ओल सरकते आणि वरच्या थराला बुरशी धरते, म्हणून सावली आवश्यक. तालुक्याच्या कारागिराने जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची गोल कोठी केली : व्यास पावणेचार फूट, उंची साडेचार फूट, मावणारी ज्वारी सुमारे १० क्विंटल. सांध्यांना डाग दिल्यावर वडिलांनी मुलाला आत बसवले, झाकण लावले आणि विचारले, ‘‘कुठनं उजेड दिसतोय का?’’ एका जागी दिसला. कारागिराला पुन्हा बोलावले.

१९/
भरण्यापूर्वी ज्वारी चार उन्हे दिली. दाण्यात ओलावा १२ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा, असे कृषिशास्त्र सांगते. आजीने दाणा दाताखाली धरला. कट्ट वाजला तेव्हाच ‘भरा’ म्हणाली. दुकानदाराने विषारी वायूच्या गोळ्या देऊ केल्या होत्या. ज्या खोलीशेजारी माणसे झोपतात तेथे त्या जिवावर बेततात, म्हणून घेतल्या नाहीत. कोठी काठोकाठ भरली, कारण वर जितकी हवा कमी तितके किडे कमी. झाकणाच्या कडेला चिखलाचा लेप दिला. बियाणे मात्र आजीने नेहमीप्रमाणे वेगळ्या मडक्यात, राखेत ठेवले.

२०/
एकूण ज्वारी २७ क्विंटल झाली. १७ क्विंटल सुगीतच, मिळेल त्या भावाने विकून सोसायटी भरली. कोठीतील १० पैकी ६ क्विंटल वर्षभराच्या भाकरीचे, १ लेकीकडे आणि सुगीला राबलेल्या बायांना द्यायचे. वाद होता तो उरलेल्या ३ क्विंटलचा. ती आषाढापर्यंत ठेवायची, असे ठरले. आषाढात भाव चढेलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही. वडील अजूनही साशंक आहेत आणि दर पंधरा दिवसांनी पत्र्याला कान लावून किड्यांचा आवाज येतो का, ते ऐकतात. पण पिढ्यान्‌पिढ्या जो निर्णय तारीख, हप्ता आणि सावकार घेत होते, तो ३ क्विंटलपुरता का होईना, या घरात घेतला गेला.

२१/
३ क्विंटलने बाजार हलत नाही, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. ज्यांना सुगीतच पैसा हवा, त्यांच्यासाठी बाजार समित्यांमार्फत चालणारी शेतमाल तारण योजना आहे : माल गोदामात ठेवायचा, त्यावर कर्ज घ्यायचे, भाव आल्यावर विकायचा. तिचा हेतूही तोच, शेतकऱ्याला थांबता यावे. ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याला मात्र कोठीही नाही आणि तारणही नाही. खळ्यावरचे बलुते गेले ते बरेच झाले; त्याच्या जागी रेशनचे दुकान आले. इनामगावच्या प्रमुखाचे कोठार, दामाजींची किल्ली आणि रेशन दुकान या एकाच प्रश्नाच्या तीन अवस्था आहेत : ज्याचा साठा नाही, त्याच्यासाठी कोणी साठवायचे आणि वेळेवर कुलूप कोणी काढायचे?

२२/
कोकणात भाताची मुडी, घाटावर कणगी, वाड्यांच्या भिंतीतले बळद, अंगणातले पेव. वाचकांपैकी अनेकांच्या घरी यांतले काही अजून असेल, किंवा ते कुठे होते हे सांगणारे कोणी असेल. त्याचे छायाचित्र घ्या. सोबत तीन गोष्टी लिहून ठेवा : ते कोणी केले, कोण लिंपत असे आणि ते शेवटचे कोणत्या वर्षी भरले होते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळवताना त्या वर्षी घरात काय घडले, हेही सहसा कळते. खाली प्रतिसादात गाव आणि तालुका लिहून टाकल्यास एक चांगली यादी तयार होईल.